एरोबिक, ॲनारोबिक आणि आमच्या घरातला जोर-बैठकांचा वाद

नीलमोहर (धागाकर्ती)

घरात आठ दिवस एकच वाद चालू आहे, म्हणून इथे आले.

माझं वय ४७. गेल्या महिन्यात रक्त तपासलं तर साखर काठावर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज पाऊण तास झपझप चाला. जिममध्ये नाव घातलं, तर तिथला ट्रेनर म्हणतो, "चालणं हे नुसतं एरोबिक, त्यानं काही होत नाही. ॲनारोबिक करा, वजनं उचला." सासरे ७६ वर्षांचे, कोल्हापुरात तालमीत लहानाचे मोठे झालेले. त्यांचं म्हणणं, जोर-बैठका मार, त्यात सगळं आलं.

लेक दहावीत आहे. तो विज्ञानाचं पुस्तकच घेऊन आला. ऑक्सिश्वसन (इंग्रजीत एरोबिक) म्हणजे ऑक्सिजन वापरून होणारं श्वसन, विनॉक्सिश्वसन (ॲनारोबिक) म्हणजे ऑक्सिजनशिवाय होणारं. मग म्हणाला, "आई, तू डंबेल उचलतेस तेव्हा तुझ्या दंडातला ऑक्सिजन संपतो का? आणि आजोबा शंभर बैठका मारतात तेव्हा?" मला उत्तर देता आलं नाही.

पुस्तकातलं श्वसन आणि जिममधला व्यायाम, दोन्हीकडे शब्द तेच आहेत. अर्थही तोच आहे का? आणि यात मी नेमकं करू काय?

पायवाट

घरगुती कसोटी सांगतो. चालताना सोबत्याशी पूर्ण वाक्यं बोलता येतात पण गाणं म्हणता येत नाही, तर व्यायाम मध्यम. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागतं, तर जोराचा. आम्ही नवरा-बायको रोज पर्वती चढतो. पायथ्याशी सुरू झालेली चर्चा १०३ पायऱ्या संपेपर्यंत अखंड चालली, तर वेग वाढवायचा, असं ठरलेलं आहे.

सांजवारा

वाचतेय. आमच्याकडेही हाच वाद, फक्त सासऱ्यांच्या जागी धाकटे दीर.

गणूमास्तर

३१ वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे मुलाच्या प्रश्नाला मीच हात घालतो.

पेशीद्रव्यात ग्लुकोजचा रेणू तुटून पायरुविक आम्लाचे दोन रेणू होतात. हे ग्लायकोलायसिस. इथपर्यंत ऑक्सिजन लागतच नाही आणि पदरात निव्वळ २ एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) पडतात. ऑक्सिजन असेल तर पायरुविक आम्ल तंतुकणिकेत, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, जातं, तिथे क्रेब चक्र आणि इलेक्ट्रॉन वहन साखळी चालते, शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं. एकूण हिशेब ३८ एटीपी. ऑक्सिजन नसेल तर तेच पायरुविक आम्ल स्नायूत लॅक्टिक आम्ल होतं आणि किण्वात (यीस्टमध्ये) अल्कोहोल.

वजन उचलताना स्नायूला ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून तो व्यायाम ॲनारोबिक. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते साठलेल्या लॅक्टिक आम्लानं.

पेशीकेंद्र

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. मास्तरांनी रसायन नीट मांडलंय. त्यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मात्र मी सहमत नाही, आणि नीलमोहरताईंच्या मुलाचा प्रश्न नेमका तिथेच अडकलाय.

"ऑक्सिजन असेल तर हे, नसेल तर ते" हे बंद बाटलीतल्या किण्वाला लागू पडतं. जिवंत माणसाच्या स्नायूत ऑक्सिजन संपत नाही. डंबेल उचलतानाही रक्त वाहत असतं, तंतुकणिका ऑक्सिजन वापरत असतात. प्रश्न फक्त वेगाचा आहे. स्नायूनं ज्या वेगानं एटीपी मागितला, त्या वेगानं ऑक्सिजनवाला मार्ग तो देऊ शकला नाही, की उरलेली गरज ग्लायकोलायसिस भागवतं. त्यातून मिळकत थोडी, पण हातात पटकन पडते.

चूल आठवा. आधी पाचोळा भडकतो, मग काटक्या धरतात, मग ओंडका पेटतो आणि तो तासभर चालतो. पाचोळा म्हणजे स्नायूत साठवलेलं क्रिएटिन फॉस्फेट. जिवाच्या आकांतानं पळालात तर ते दहाएक सेकंद साथ देतं. काटक्या म्हणजे लॅक्टेटपर्यंत (लॅक्टिक आम्लाचं शरीरातलं रूप) जाणारं ग्लायकोलायसिस, त्याचा जोर पुढचं मिनिटभर. ओंडका म्हणजे ऑक्सिश्वसन. चुलीत तिन्ही एकाच वेळी असतात, कुणाचा जाळ मोठा एवढंच बदलतं. पूर्ण ताकदीनं केलेल्या व्यायामात साधारण सव्वा मिनिटाच्या आसपास ऑक्सिजनवाली आणि ऑक्सिजनशिवायची बाजू समसमान होतात. म्हणून ८०० मीटरच्या शर्यतीतसुद्धा निम्म्याहून जास्त ऊर्जा ऑक्सिजन वापरून येते. बघणाऱ्याला ती शर्यत पूर्ण "ॲनारोबिक" वाटते.

मुलाला आणखी एक गोष्ट सांगा. तो आत्ता खुर्चीत नुसता बसला असेल तरी त्याच्या शरीरात ऑक्सिजनशिवाय ऊर्जा तयार होतेच आहे. तांबड्या रक्तपेशींत तंतुकणिका नसतात. सगळ्या शरीराला ऑक्सिजन पोचवणाऱ्या या पेशी स्वतः त्यातला कणभरही जाळत नाहीत, त्या पूर्णपणे ग्लायकोलायसिसवर जगतात. दरवर्षी हे वर्गात सांगताना मला तितकाच आनंद होतो.

आणि ३८ हा आकडा जुन्या हिशेबाचा. तंतुकणिकेच्या आवरणातून होणारी गळती आणि वाहतुकीचा खर्च धरला तर आता ३० ते ३२ मानतात.

हुतूतू

चुलीचं उदाहरण जिल्ह्याला कबड्डी खेळलेल्या माणसाला लगेच पटलं. चढाई ३० सेकंदांची. खेळ २०-२० मिनिटांचे दोन डाव. आमचे वस्ताद सकाळी आम्हाला तासभर पळवायचे, तेव्हा आम्ही कुरकुर करायचो. चढाई तर अर्ध्या मिनिटाची, मग तास कशाला पळायचं? उत्तर शेवटच्या पाच मिनिटांत मिळायचं. एक चढाई सगळेच जोरात करतात. चौदावी चढाई पहिलीसारखी कोण करतो, यावर सामना जातो.

पेशीकेंद्रताई, दोन चढायांच्या मधे पाचोळा परत भरायला ऑक्सिजन लागतो का?

पेशीकेंद्र

लागतो, तुमच्या वस्तादांना तेच ठाऊक होतं. क्रिएटिन फॉस्फेट अर्ध्या मिनिटात साधारण निम्मं भरून येतं, पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात, आणि हे भरणं ऑक्सिश्वसनाच्या जोरावरच होतं. चढाई पाचोळा-काटक्यांवर होते, पण पुढच्या चढाईची तयारी ओंडका करून देतो.

गणूमास्तर

ताई, वेगाचा मुद्दा मान्य. पण लॅक्टिक आम्ल आणि पाय दुखणं यांचा संबंध नाही, हे मी सहजासहजी मानणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या शिकवलंय. आपल्या भाषेतही "अंग आंबलं" म्हणतात. आंबणं म्हणजे आम्लच ना?

रानभूल

मास्तर, अंग आंबण्याचा अनुभव सांगते. गेल्या पावसाळ्यात बऱ्याच वर्षांनी सिंहगड केला. चढताना आतकरवाडीच्या वाटेवर छाती फुटेल असं वाटलं, मांड्या पेटल्या. वर दही खाऊन अर्धा तास बसले, सगळं शांत. उतरताना दम अजिबात लागला नाही, गप्पा मारत उतरले. दुसऱ्या दिवशी थोडं दुखलं, तिसऱ्या दिवशी मात्र जिना उतरता येईना, कठड्याला धरून आडवं उतरावं लागलं.

लॅक्टिक आम्ल चढताना झालं असणार. मग दुखणं तिसऱ्या दिवशी, आणि तेही उतरताना लागणाऱ्या स्नायूंत का?

पेशीकेंद्र

रानभूल, तुमच्या निरीक्षणात उत्तर आहे. व्यायाम थांबला की वाढलेलं लॅक्टेट साधारण तासाभरात मूळ पातळीला येतं. ४८ तासांनी दुखायला ते तिथे नसतंच. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच आकुंचन पावत असतो, ब्रेक लावल्यासारखा. त्यात तंतूंना सूक्ष्म इजा होते, मग सूज आणि दुरुस्ती. ते दुखणं या दुरुस्तीचं.

मास्तर, समजूत आली कुठून तेही सांगते. मायरहोफ आणि हिल यांना स्नायूंवरच्या कामासाठी १९२२ चं नोबेल मिळालं. मायरहोफ बेडकाचे स्नायू शरीराबाहेर काढून, ऑक्सिजन तोडून आकुंचित करत. त्यात लॅक्टिक आम्ल साठे आणि स्नायू थके. पण त्या तुकड्याला रक्तपुरवठा नव्हता. आपल्यात लॅक्टेट स्नायूतून बाहेर पडतं, हृदय ते इंधन म्हणून जाळतं, शेजारचे संथ तंतू जाळतात, आणि उरलेल्याचं यकृत पुन्हा ग्लुकोज करतं. या शेवटच्या फेऱ्याला कोरी चक्र म्हणतात. कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याला १९४७ चं नोबेल मिळालं, ते ग्लायकोजेनवरच्या (स्नायूत आणि यकृतात साठवलेल्या साखरेवरच्या) कामासाठी.

आणखी भक्कम पुरावा हवा असेल तर मॅकार्डलचा आजार बघा. १९५१ साली मॅकार्डल या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. या रुग्णांच्या स्नायूंना साठवलेलं ग्लायकोजेन फोडता येत नाही, त्यामुळे व्यायामात त्यांचं लॅक्टेट वाढतच नाही. तरी त्यांना थोड्याशा श्रमानं दुखतं आणि गोळे येतात. दुखण्याचं मूळ लॅक्टिक आम्ल असतं, तर यांना सगळ्यात कमी दुखायला हवं होतं.

गणूमास्तर

मॅकार्डलचं उदाहरण वाचून वही काढली आणि लिहून ठेवलं. माझे दोन विद्यार्थी आता शिक्षक आहेत, दोघांनाही आज फोन केला. धन्यवाद ताई.

काळी_माती

मी हळद आणि सोयाबीन करतो, हिंगोलीकडे. व्यायामाशी थेट संबंध नाही, पण श्वसनाचा विषय निघाला म्हणून लिहितो.

आमच्याकडे "वाफसा" शब्द आहे. जमिनीत ओल पाहिजे आणि हवाही पाहिजे, दोन्ही जमून आलं की वाफसा आला म्हणतो. सलग आठ दिवस पाणी साचलं की सोयाबीन पिवळं पडतं. लोक म्हणतात पाणी जास्त झालं. खरं म्हणजे मुळांचा श्वास कोंडतो. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरतात आणि पाण्यातून ऑक्सिजन फार हळू सरकतो. मुळं मग मास्तरांच्या त्या २ एटीपीवर येतात. तेवढ्यात त्यांना जमिनीतून अन्नद्रव्यं ओढण्याची ताकद राहत नाही. म्हणून शेत पाण्यात उभं असून पान उपाशी दिसतं. अशा वेळी युरिया टाकण्यापेक्षा चर काढून पाणी बाहेर काढणं महत्त्वाचं. हे मी दोन हंगाम घालवून शिकलो.

हळदीला गादीवाफे, म्हणजे उंच वाफे, करतो ते याचसाठी.

सांजवारा

काळी_माती, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका ना. वाफसा आणि दम यांचा असा संबंध कधी डोक्यात आला नव्हता.

आंबोळी

आंबण्यावरून आठवलं. मग इडलीचं पीठ फुगतं ते काय? आणि काजूच्या बोंडांच्या रसाची फेणी? दोन्हीकडे ऑक्सिजनशिवायच चाललेलं असतं ना?

सूक्ष्मदर्शी

हो, पण दोन्हीकडे करणारे वेगळे. इडलीच्या पिठात मुख्यतः लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू असतात, त्यातले काही कार्बन डायऑक्साइडही सोडतात, त्यानं पीठ फुगतं आणि आंबटही होतं. बोंडांच्या रसात किण्व साखरेचं अल्कोहोल करतं, मग ते भट्टीवर चढतं.

काटेकोर बोलायचं तर या दोन्हींना किण्वन म्हणावं, विनॉक्सिश्वसन नव्हे. सूक्ष्मजीवशास्त्रात विनॉक्सिश्वसन म्हणजे इलेक्ट्रॉन साखळी चालूच, फक्त तिच्या टोकाला ऑक्सिजनऐवजी नायट्रेट किंवा सल्फेट. काळी_माती यांच्या साचलेल्या शेतात हेही घडतं. तिथले जिवाणू नायट्रेट वापरून टाकतात आणि टाकलेल्या खतातला नत्र वायू होऊन हवेत जातो. त्या दिवसांत युरिया का टाकू नये, याचं हेही एक कारण. शालेय पुस्तकात किण्वनालाच विनॉक्सिश्वसन म्हणतात. परीक्षेत तसंच लिहावं.

जाता जाता एक गंमत. गोल्डफिश थंडीत ऑक्सिजन नसलेल्या पाण्यातही तग धरतो. लॅक्टेट साठू न देता तो त्याचं अल्कोहोल करतो आणि कल्ल्यांतून बाहेर सोडतो.

आंबोळी

म्हणजे दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीत भट्टी!

चढउतार

मी यवतेश्वरच्या घाटात सराव करतो, लांब पल्ल्याचा धावपटू. मागच्या वर्षी लॅक्टेटची चाचणी करून घेतली. ट्रेडमिलवर दर काही मिनिटांनी वेग वाढवतात आणि प्रत्येक टप्प्याला कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घेतात. बसलेलो असताना आकडा १ च्या आसपास होता. शून्य का नाही, असं मी विचारलं होतं. तांबड्या पेशींचं वाचून आता कळलं. वेग वाढत गेला तरी बराच वेळ आकडा जागेवर राहिला, मग एका वेगानंतर भराभर चढला. त्या वळणाच्या अलीकडे मी दीड तास पळू शकतो, पलीकडे दहा मिनिटंही कठीण. एरोबिक आणि ॲनारोबिक यांच्यात सीमा म्हणायची तर ती हीच, आणि ती प्रत्येकाची वेगळी. सरावानं ती पुढे सरकते.

आपल्या मातीतले ललिता बाबर आणि अविनाश साबळे आठवा. माण तालुका आणि आष्टी तालुका, दोन्ही दुष्काळी. दोघांची शर्यत ३००० मीटर स्टीपलचेस. साबळेची २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतली वेळ ८ मिनिटं ११.२० सेकंद. एवढ्या वेळेत बहुतेक सगळी ऊर्जा ऑक्सिजनमधून येते, पण अडथळ्यावरची प्रत्येक उडी आणि शेवटचा फेरा मागतो तो भडका. साबळेला मी धावताना बघतो तेव्हा मला फक्त ते वळण दिसतं, त्यानं किती पुढे ढकललंय ते.

झटपट

मग चालण्यात एवढा वेळ कशाला घालवायचा? जपानच्या ताबाता यांनी १९९६ सालीच दाखवलंय. २० सेकंद जोरात, १० सेकंद विश्रांती, असे सात-आठ फेरे. चार मिनिटांत काम. एरोबिक आणि ॲनारोबिक दोन्ही क्षमता वाढल्या. ट्रेनर बरोबर सांगतोय.

चढउतार

@झटपट, तो प्रयोग तरुण खेळाडूंवर होता आणि ती २० सेकंदं जीव तोडून सायकल मारायची होती, कमाल ऑक्सिजन वापराच्या १७० टक्के जोरावर. ४७ वर्षांच्या, नुकतीच सुरुवात करणाऱ्या ताईंना पहिल्या आठवड्यात हे सांगणं मला धोक्याचं वाटतं. पाया आधी.

रक्तगट_ओ

मूळ प्रश्नाकडे येतो. मी फिजिशियन आहे, मधुमेहाचे रुग्ण रोज बघतो. नीलमोहरताई, तुमच्या डॉक्टरांचा सल्ला शेवटचा, हे गृहीत धरून लिहितो.

"चालण्यानं काही होत नाही" हे चूक आहे आणि हे वाक्य ऐकून चालणं सोडलेले लोक माझ्यासमोर येऊन बसतात, म्हणून मला त्याचा राग येतो. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर आत ओढतात. चालण्यात पाय आणि नितंब, म्हणजे शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू, हे काम करतात. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. हा परिणाम एक-दोन दिवस टिकतो, म्हणून सलग दोन दिवसांहून जास्त खंड नको.

वजनं उचलायलाही सांगतोय, त्यात ट्रेनरचं म्हणणं अर्धं बरोबर. साखर साठवण्याची मोठी कोठी स्नायूच आहे. चाळिशीनंतर ती कोठी लहान होत जाते, तिला टिकवायला ताकदीचा व्यायाम लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम, दोन्ही सांगितलेत.

जोराच्या व्यायामानंतर लगेच साखर मोजलीत तर ती कधी वाढलेली दिसेल. ॲड्रेनॅलिनमुळे यकृत साखर सोडतं, थोड्या वेळानं खाली येते. घाबरू नका. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नवा व्यायाम सुरू करू नये. वजन उचलताना श्वास कोंडू नका, त्यानं रक्तदाब एकदम चढतो. उचलताना सोडा, खाली आणताना घ्या.

हुतूतू

आणि जोर-बैठका? आजोबांचा निकाल राहिलाच.

पेशीकेंद्र

कोण मारतंय आणि कशा मारतंय, त्यावर. सरावाचा माणूस संथ लयीत शंभर बैठका मारतो तेव्हा बहुतांश ऊर्जा ऑक्सिजनमधूनच येते. त्याच बैठका मी मारल्या तर पंचविसाव्यालाच माझ्या काटक्या जळायला लागतील. जोर जरा निराळा, त्यात खांदे आणि दंड, लहान स्नायूंवर सगळा भार, म्हणून तिथे वळण लवकर येतं. आजोबा म्हणाले "त्यात सगळं आलं", तर बरेचसे बरोबर आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर नीलमोहरताईंनी पूर्ण खाली न जाता खुर्चीवर बसून उठावं. चालणं मात्र सोडू नये.

नीलमोहर

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकानं धागा दोनदा वाचला. परीक्षेत ३८ लिहिणार, पण शाळेत बाईंना ३० ते ३२ बद्दल विचारणार म्हणतोय. तांबड्या पेशींची गोष्ट त्यानं जेवताना तिघांना तीनदा ऐकवली.

ठरलं असं. रोज पाऊण तास चालणं, आठवड्यातून दोनदा जिममध्ये वजनं, आणि रविवारी सासऱ्यांबरोबर बैठका.

आज पहिला रविवार. पायवाट यांची बोलण्याची कसोटी सासऱ्यांना सांगितली, तर म्हणाले मी अडीचकी (अडीचचा पाढा) म्हणतो. बैठका मारता मारता खड्या आवाजात अडीचकी सुरू केली. लेक मोजत होता. चौतिसाव्या बैठकीला त्यांची अडीचकी तुटली. मला अडीचकी येत नाही, मी बाराचा पाढा म्हणत होते, तो अकराव्या बैठकीला तुटला.

पेशीकेंद्र

सुंदर! म्हणता म्हणता श्वासही कोंडला जात नाही. आता आणखी एक मोजा. तुटल्यावर थांबायचं आणि किती वेळानं सलग म्हणता येतं ते बघायचं. क्षमता वाढली की तो वेळ आधी कमी होईल, साखरेचा रिपोर्ट यायच्याही आधी.

नीलमोहर

मोजलं. सासरे दीड मिनिट, मी चार मिनिटं. तीन आठवड्यांनी पुन्हा मोजून इथेच लिहिते.